न जुळणारे नंबर

जुन्या हत्यारांच्या बाजारात सगळ्या भागांवर एकच नंबर असलेल्या नगाला मान जास्त. कोल्टच्या 1873 च्या 'सिंगल ॲक्शन आर्मी' रिव्हॉल्व्हरचा एक प्रकार मात्र या नियमात बसत नाही. चौकटीवर एक नंबर, चापाच्या कड्यावर दुसरा, मुठीच्या पट्टीवर तिसरा, आणि तरीही हत्यार अस्सल!

1873 मध्ये अमेरिकी लष्कराने हार्टफर्डच्या कोल्ट कंपनीकडे अशी 8,000 रिव्हॉल्व्हर मागवली, नगाला 13 डॉलर या दराने. नळी साडेसात इंचांची, काडतूस .45 चं. पुढच्या दोन दशकांत हा आकडा सुमारे 37,000 वर गेला. प्रत्येक नग सरकारी तपासनीस पाहायचा आणि पसंत पडला की आपली आद्याक्षरं ठोकायचा. सुरुवातीच्या मालावर ऑर्व्हिल एन्सवर्थची 'ओ. डब्ल्यू. ए.' ही अक्षरं दिसतात. जनरल कस्टरच्या सातव्या घोडदळाला मिळालेली रिव्हॉल्व्हर याच मालातली. जून 1876 मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायन योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा पुरता धुव्वा उडवला. त्यामुळे एन्सवर्थची अक्षरं आणि त्या काळातले नंबर यांना सोन्याचा भाव आहे. साहजिकच खोटे ठसेही तेवढेच. म्हणून जाणकार भिंगाखाली अक्षरांची जाडी पाहतात, ठशाची खोली पाहतात, मुठीच्या अक्रोडी लाकडावरची झीज आणि पोलादाची झीज एकमेकींना साजेशी आहे का हे पाहतात.

1892 मध्ये लष्कर .38 च्या नव्या रिव्हॉल्व्हरकडे वळलं. जुनी कोल्ट गोदामात गेली. 1895 पासून त्यांच्या नळ्या साडेपाच इंचांवर आणून ती तोफखान्याला द्यायला सुरुवात झाली. मग फिलिपिन्सचं युद्ध पेटलं. .38 ची गोळी लागूनही चाल करून येणारे योद्धे थांबत नाहीत, अशा तक्रारी आल्या आणि .45 ला पुन्हा मागणी आली. हजारो नग कारखान्यात उघडले गेले, साफ झाले, पुन्हा जोडले गेले. ते जोडताना कोणता भाग कोणाचा, हे कुणी पाहिलं नाही. नंबर विस्कटले ते इथे.

कोल्टच्या वह्यांत लष्करी नगाबद्दल फार तर 'सरकारला रवाना' एवढीच नोंद सापडते. पुढचा माग काढायचा तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बसावं लागतं. एखादा शिपाई रिव्हॉल्व्हर घेऊन पळाला किंवा ते हरवलं, तर त्याची कागदोपत्री नोंद व्हायची, आणि कधी कधी तीत नंबरही असायचा. फ्रँक मॅलरी यांच्या 'स्प्रिंगफील्ड रिसर्च सर्व्हिस'ने अशा कागदांतून नंबर वेचून याद्या छापल्या. त्यातल्या एखाद्या नंबरशी हातातलं हत्यार जुळलं, की पलटण कळते, कधी ठाणंही कळतं. कपाटभर चकाकत्या रिव्हॉल्व्हरांपेक्षा असा एक काळवंडलेला नग संशोधकाला जास्त मोलाचा वाटतो, आणि ते योग्यच आहे.

नेमक्या याच कारणासाठी एक दुरुस्ती खटकते. तोफखान्याच्या नगाला पुन्हा साडेसात इंची नळी बसवून त्याला 'घोडदळाचं मूळ रूप' दिलं जातं. एन्सवर्थच्या काळातल्या कित्येक चौकटी तोफखान्याच्या नगांत निघतात. मैदानी प्रदेशातल्या मोहिमांत वापरलेली चौकट पंचवीस वर्षांनी दुसऱ्याच्या नळीसह मनिलाच्या बोटीवर चढली असेल, तर त्या प्रवासाचा पुरावा ती आखूड नळीच असते. ती काढली जाते आणि बहुधा भंगारात जाते.