खुराडं, झडी आणि सशाचा पिंजरा

नाटे गावात पाऊस डोक्यावर कमी आणि कुशीवर जास्त पडतो. राजापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जैतापूरच्या खाडीजवळ आमचं गाव. पुढं अरबी समुद्र, मागं जांभ्याचा सडा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. नैऋत्येचा वारा तो आडवा करून आणतो. म्हणून आमच्याकडचा जुना माणूस आसरा बांधताना छपराआधी पश्चिमेची बाजू बघायचा. मग तो आसरा माणसाचा असो की कोंबडीचा.

यशवंतगडाचा इतिहास लोक सांगतात, मुसाकाजी बंदराचाही सांगतात. खुराड्याचा कोण सांगणार? पण आमच्या घरचे काही दिवस त्या खुराड्यावर निघाले आहेत, म्हणून मी लिहितो.

माझ्या लहानपणी खुराडं पडवीच्या पूर्वेला, घराच्या आडोशाला असायचं. खाली जांभ्याचे चिरे, त्यावर हातभर उंच फळ्यांचा तळ. फळ्यांत बोटभर फटी, म्हणजे विष्ठा खाली पडे आणि तळ कोरडा राही. भिंती बांबूच्या कामट्यांच्या. बांबू हिवाळ्यात तोडून दोन-तीन आठवडे वहाळाच्या पाण्यात दाबून ठेवत. बांबूतला पिठूळ भाग पाण्यात निघून जातो, मग भुंगेरा त्याला पोखरत नाही. कामट्यांवर शेणमातीचा गिलावा, पण फक्त खालच्या अर्ध्या भागाला. वरचा हातभर भाग मोकळा. वर गवताचं छप्पर. आणि पावसाळ्याआधी वाऱ्याच्या अंगाला नारळीच्या झावळ्या विणून केलेल्या झडी.

वरचा भाग मोकळा का, हे मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘‘अरे, तुला गोधडीत तोंड बांधून निजवलं तर निजशील काय?’’ पुढं पुस्तकात वाचलं की ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, आणि कोंडलेल्या जागेत त्यानं कोंबडीचे डोळे नि छाती बिघडते. आईला अमोनिया ठाऊक नव्हता, पण नाकाला झोंबलं की खुराडं बिघडलं हे ठाऊक होतं. पाऊस अडवायचा, वारा नाही. झडीचं काम तेच. पाणी तिच्यावरून निथळतं, वारा विणीतून आत येतो.

आता चोरांची गोष्ट. मुंगूस दिवसा येतं, रानमांजर रात्री. घूस खालून उकरते, धामण अंड्यांच्या वासानं फटीतून शिरते. बाहेर राहिलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागून साप येतो. म्हणून संध्याकाळी दाणे वेचून खुराड्याजवळची जागा झाडणं हा साप टाळायचा पहिला उपाय. चिरे कातळावरच ठेवलेले, त्यामुळं घुशीला उकरायला माती नाही. दाराची फळी उभ्या खाचेतून खाली सरकायची, वर लाकडाची खुंटी. नुसती ढकलून किंवा नख लावून ती उघडत नसे. पिसवा झाल्या तर कोंबड्यांना लोळायला चुलीची राख, आणि अंड्यांच्या टोपलीत निरगुडीचा पाला.

पण खरी राखण मे महिन्यात व्हायची, शाकारणीला. जुनं गवत उतरवून नवं घालायचं. ते उतरवताना उंदराचं घर सापडे, सापाची कात सापडे, वाळवीनं खाल्लेला वासा हातात येई. तो बदलायचा, नव्याला काजूच्या टरफलाचं तेल चोपडायचं. गवत एक वर्षच टिकतं, हा त्याचा दोष मानतात. पण त्यामुळंच वर्षातून एकदा खुराड्याची हाडं न् हाडं माणसाच्या नजरेखालून जायची.

आमचे बाबा आणि थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होते. महिन्याला मनिऑर्डर यायची. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. साठाहून जास्त गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं किती, ते आमच्या पोस्टमनच्या रिकाम्या पिशवीवरून कळायचं. मनिऑर्डर थांबली. बाबा आणि दादा गावी आले. भात होतं, पण मीठ-तेल, औषधपाणी, धाकट्या बहिणीची शाळेची फी, याला रोख पैसा लागतो. तो आईच्या खुराड्यातून आला. अंडी, शिमग्याला कोंबडे, तलंगा. कोंबड्यांचा पैसा हा घरच्या बाईचा, त्यात पुरुषानं हात घालायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज. त्या वर्षी तो पैसा सगळ्या घराचा झाला. एका रात्री रानमांजर आत शिरलं असतं, तर बहिणीची शाळा सुटली असती. आई रात्रीतून दोनदा कंदील घेऊन खुंटी बघून यायची.

दादा साचेखात्यात मागावर होता. रिकामा बसवेना म्हणून त्यानं खुराडं दुप्पट वाढवलं आणि राजापुरातून षटकोनी तारेची जाळी आणली. तारेचे पीळ बघत म्हणाला, ‘‘हे तर आमचंच काम.’’ त्याचं म्हणणं खरं होतं. ही जाळी इंग्लंडात नॉर्विच गावच्या चार्ल्स बार्नार्ड नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्यानं 1844 मध्ये काढली, आणि तिचं यंत्र कापड विणायच्या यंत्रावरून बेतलं होतं.

पण ती जाळी कोंबडी आत ठेवते, चोर बाहेर ठेवत नाही. तिच्या भोकातून उंदीर जातो, रानमांजराचा पंजा जातो. शिवाय खाऱ्या वाऱ्यानं जस्ताचा मुलामा उडाला की तार गंजून पापडासारखी मोडते. दादानं तिच्या आत जुन्या कामट्या तशाच ठेवल्या, म्हणून निभावलं.

मग गवत गेलं. कोकणात मंगळुरी कौलं गलबतांतून आली. बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला त्यांचा पहिला कारखाना घातला होता. घरावरून उतरवलेली कौलं खुराड्यावर गेली. कौलांनंतर सिमेंटचा पत्रा, मग लोखंडी, आणि वर निळं प्लास्टिक. पत्रा टाकला की दहा वर्षं बघायला नको, असं लोक म्हणू लागले. आणि खरंच कोणी बघेना. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा वाडीतल्या खुराड्यांचे पत्रे नारळीच्या बागांत जाऊन पडले. पत्रा धड होता. तो ज्या वाशाला खिळला होता, तो आतून वाळवीनं भुसा केलेला होता.

त्यानंतरच्या पावसाआधी पुतण्याच्या मुलानं कोल्हापूरहून पांढऱ्या सशांची जोडी आणली. आमच्या सड्यावरचा ससा वेगळा. तो बीळ करत नाही, गवतात बसकण करून राहतो, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला धरायला बंदी आहे. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे टाकतो. आमच्या मे महिन्यात बंद पत्र्याखाली तो दुपारीच मरेल.

पिंजरा आम्ही आईच्या खुराड्यावरूनच केला. तोंड पूर्वेला. तळ कमरेइतका उंच. चार पायांखाली पाण्याच्या करवंट्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. मूत खाली जावं म्हणून तळाला जाळी, पण बसायला एका बाजूला फळी, नाहीतर पायाला जखमा होतात. जाळी सगळीकडे अर्ध्या इंचाची, चौकोनी, जोडलेली. ती खिळ्यांनी न मारता पट्टी ठेवून स्क्रूनं आवळलेली. ससा लाकूड कुरतडतो, म्हणून आतून तेल लावलं नाही, जाळीच आतल्या बाजूला घेतली. पत्र्यावर झावळ्या, म्हणजे ऊन थेट लागत नाही. छप्पर पश्चिमेला दीड फूट बाहेर. आणि झडी. पोरगा म्हणाला, ‘‘आजोबा, प्लास्टिक लावू ना!’’ मी त्याला प्लास्टिक बांधून दिलं. दुसऱ्या दिवशी आत हात घालून बघ म्हटलं. गवत ओलं झालेलं, वरून नव्हे, सशांच्याच वाफेनं. मग तो स्वतः झावळ विणायला बसला.

ससे अजून आहेत. त्यांच्या लेंड्या नारळीला जातात.

आज वाडीत बरीच घरं बंद आहेत. उघड्या घरांतून एकेकटी म्हातारी माणसं, त्यांच्या चार-पाच कोंबड्या. पेन्शन असो नसो, औषधाच्या गोळ्यांना अंड्यांचे पैसे अजून लागतात. त्यांना पत्र्यावर चढवत नाही. मे महिन्यात आंबे खायला येणाऱ्या चाकरमान्यांना माझं एवढंच सांगणं. अर्धा दिवस काढा, आजीच्या खुराड्याचा पत्रा खाली उतरवा आणि प्रत्येक वाशावर हातोडीची मूठ मारून बघा. पोकळ वाजला तर बदला. दाराची खुंटी घट्ट बसते का बघा. पश्चिमेला दोन झडी बांधा. मग खुशाल मुंबईची गाडी पकडा.