खेळणी म्हातारी होतात तेव्हा

मंडळी, ‘अ‍ॅक्शन फिगर’ या शब्दाचा जन्म चक्क एका लाजेतून झाला आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने मुलग्यांसाठी जवळजवळ फूटभर उंचीचा एक सैनिक बाजारात आणला. नाव जी.आय. जो. त्याचे हातपाय सांध्यांत वळायचे आणि अंगावरचे कपडे बदलता यायचे. आता कपडे बदलता येणाऱ्या माणसाच्या खेळण्याला साध्या भाषेत बाहुली म्हणतात. मॅटेलची बार्बी १९५९ मध्येच आली होती. स्टॅन वेस्टन नावाच्या गृहस्थाने ही सैनिकाची कल्पना हॅस्ब्रोकडे नेली, तेव्हा मागे बार्बीचंच गणित होतं : बाहुली एकदाच विकायची आणि तिचे कपडे-सामान मात्र विकत राहायचं. पण मुलगा बाहुलीशी खेळेल का? आणि मुख्य म्हणजे त्याचा बाप ती घेऊन देईल का? हॅस्ब्रोच्या डॉन लेव्हिनने आणि त्याच्या टीमने यावर नामी तोडगा काढला. ‘बाहुली’ हा शब्दच उच्चारायचा नाही. अ‍ॅक्शन फिगर म्हणायचं. आमच्या आयटीत बगला फीचर म्हणतात ना, त्यातलाच प्रकार :)

आज मात्र मला या फिगर्सच्या जन्माबद्दल कमी आणि म्हातारपणाबद्दल जास्त लिहायचंय. कारण त्या जपायच्या असतात हे माणसांना फार उशिरा कळलं, आणि कशा जपायच्या हे त्याहून उशिरा.

आधी थोडा इतिहास. १९७० च्या दशकात मेगो नावाची कंपनी आठ इंची फिगर्स बनवायची. कपडे खरे, आत रबराची दोरी ओवलेली, तिच्या ताणावर हातपाय जोडलेले. या मेगोने ‘स्टार वॉर्स’ची खेळणी बनवायचे हक्क नाकारले! ते गेले सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे. केनरने उंची आणली पावणेचार इंचांवर. त्यात डोकं होतं. फिगर लहान केली की तिच्या मापाची अंतराळयानं परवडणाऱ्या किमतीत बनवता येतात, आणि पोरांना यान हवंच असतं.

सिनेमा मे १९७७ मध्ये आला आणि तुफान चालला. खेळणी मात्र त्या वर्षीच्या नाताळपर्यंत तयार होईनात. मग केनरने काय केलं? रिकामं पाकीट विकलं! आत पुठ्ठ्याचं चित्र आणि एक प्रमाणपत्र : हे भरून पाठवा, पुढच्या वर्षी चार फिगर्स पोस्टाने येतील. ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू. १९७८ मध्ये त्या घरोघर पोचल्याही. ‘अर्ली बर्ड’ म्हणतात याला. गंमत म्हणजे ते रिकामं पाकीटसुद्धा आज लोक जपून ठेवतात.

पण त्या काळी जपतंय कोण? पोरांनी फिगर्स मातीत पुरल्या, बाथटबात बुडवल्या, फटाक्याला बांधून उडवल्या. छोट्या बंदुका तर व्हॅक्यूम क्लीनरनेच खाल्ल्या असतील. पाकिटं पहिल्याच दिवशी कचऱ्यात. आणि नेमक्या म्हणूनच उरलेल्यांना भाव आला! जावा नावाच्या बुटक्या प्राण्याचं उदाहरण घ्या. पहिल्यांदा त्याला व्हिनाईलचा झगा होता. तो अगदीच स्वस्तातला दिसतो म्हणून केनरने लवकरच कापडी झगा आणला. आज व्हिनाईलवाला जावा म्हणजे घबाड. त्यामुळे बेन केनोबीचा व्हिनाईल झगा कापून जावाला घालणारे महाभागही निघाले.

दुसरं उदाहरण बोबा फेटचं. १९७९ मध्ये केनरने पाठीवरून रॉकेट सोडणारा बोबा फेट जाहीर केला. त्याच सुमारास मॅटेलच्या ‘बॅटलस्टार गॅलक्टिका’ खेळण्यातलं छोटं क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा जीव गेला. केनरने रॉकेट पक्कं चिकटवूनच फिगर पाठवली. सुटणाऱ्या रॉकेटचे मोजके नमुने तेवढे उरले. त्यातला एक २०२४ मध्ये लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेला. आकडा वाचून तुमचे डोळे विस्फारले असतील तर माझेही विस्फारले होते. पण त्या आकड्यामागे एका पोराचा मृत्यू आहे, हे विसरून चालत नाही.

असे भाव दिसू लागल्यावर १९९० च्या दशकात लोक शहाणे झाले. जरा जास्तच शहाणे झाले. १९९५ मध्ये केनरने ‘पॉवर ऑफ द फोर्स’ नावाने नवी मालिका काढली (केनर तोवर हॅस्ब्रोच्या मालकीची झाली होती). मोठ्या माणसांनी त्या फिगर्स ढिगाने घेतल्या आणि न उघडता कपाटात रचल्या. मुलांच्या कॉलेजची फी यातून निघेल वगैरे. निकाल? सगळ्यांनीच जपल्या, म्हणून कुणाच्याच दुर्मिळ राहिल्या नाहीत. त्यातल्या बहुतेक आजही किरकोळ भावात मिळतात. पुरवठा आणि मागणीचा याहून सोपा धडा एमबीएलाही शिकवत नसतील.

आता मुद्द्यावर येतो. पाकीट न उघडता कपाटात ठेवलं म्हणजे फिगर ‘जपली’ असं आपण धरून चालतो. पण प्लॅस्टिकला हे कुणी सांगितलेलं नाही.

फिगरचं मऊ डोकं, झगा, वाकणारे भाग हे बहुधा पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ. १९२६ मध्ये बी.एफ. गुडरिच कंपनीतल्या वॉल्डो सेमॉनने ते मऊ करायची युक्ती शोधली : त्यात एक तेलकट द्रव मिसळायचा. याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. करंजीच्या पिठाला आपण मोहन घालतो ना, तसंच समजा. फरक एवढाच की इथे हे मोहन कधीकधी एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत असतं. आणि गोम अशी की ते पीव्हीसीशी रासायनिकरीत्या बांधलेलं नसतं, नुसतं वस्तीला असतं. वर्षं जातात तसं ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. फिगरला ‘घाम’ फुटतो. हात लावला की चिकट, धूळ बसली की निघत नाही. मऊ झगा कडक प्लॅस्टिकच्या अंगाला वर्षानुवर्षं टेकून राहिला तर हे तेल शेजाऱ्याच्या अंगात शिरून त्यालाही मऊ करू शकतं. आतलं तेल संपत आलं की पीव्हीसी आक्रसतं, कडक होतं आणि तडकतं. शिवाय पीव्हीसी कुजताना हायड्रोजन क्लोराईड वायू सोडतं, आणि तो वायू कुजणं आणखी वाढवतो. प्रोग्रॅमरच्या भाषेत इन्फिनिट लूप.

बाकीच्यांची दुखणी वेगळी. एबीएस हे कडक प्लॅस्टिक प्रकाशाने पिवळं पडतं. पांढरेशुभ्र स्टॉर्मट्रूपर चहात बुडवल्यासारखे दिसायला लागतात ते यामुळे. १९६० च्या दशकातला मॅटेलचा अंतराळवीर मेजर मॅट मेसन रबरी होता आणि आत तार होती. वाकवून वाकवून तार तुटते आणि मेजरसाहेब कायमचे लुळे पडतात. जुन्या बार्बीच्या कानात धातूची कर्णफुलं होती. धातू आणि पीव्हीसीची जुंपली की कानाभोवती हिरवा डाग पडतो. आणि १९८२ पासूनचा पावणेचार इंची जी.आय. जो? त्याची कंबर आणि पाय एका काळ्या रबरी ओ-रिंगने धडाला धरलेले असतात. रिंग वाळली की एक दिवस तुटते आणि सैनिकाचे दोन तुकडे. यासाठी युद्धाची गरज नाही, नुसता काळ पुरतो. पाकीट न उघडलेल्या जोचं हेच होऊ शकतं. बाहेरून ‘मिंट’, आत पाय वेगळे. आणि पाकीट फोडलं तर भाव पडतो, म्हणून दुरुस्तीही करता येत नाही! चावी आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं.

संग्रहालयांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला तो अलीकडेच. प्लॅस्टिक म्हणजे न संपणारी वस्तू, त्याला काय जपायचं, असाच सगळ्यांचा समज होता. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या इव्होन शाशुआ यांनी या विषयात मोठं काम केलंय. २००८ मध्ये त्यांचं प्लॅस्टिकच्या जतनावरचं पुस्तक आलं. त्याच वर्षी युरोपात ‘पॉपआर्ट’ नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि २०१२ पर्यंत चालला. त्यातही विषय हाच, संग्रहालयातल्या प्लॅस्टिकच्या वस्तू. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी : मऊ पीव्हीसी काचेच्या बंद भांड्यात ठेवलं तर तेल निघून जाण्याचा वेग कमी होतो, पण पॉलिथिनच्या पिशवीत ठेवलं तर पॉलिथिनच ते तेल शोषत राहतं. उलट जुन्या सेल्युलॉईडच्या बाहुल्यांना मोकळी हवा लागते, कारण त्यांच्यातून निघणारा आम्लवायू कोंडला तर त्यांनाच खातो. म्हणजे एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. आपण मात्र सगळं एकाच झिपवाल्या पिशवीत कोंबतो.

आता जरा घराकडे. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल सुरू केली, आणि तिचा कारखाना गोव्यात. हॅस्ब्रोच्या साच्यांतून भारतात जी.आय. जो बनू लागले. पण रंग आपले! अमेरिकेत एका रंगात आलेला सैनिक इथे भलत्याच रंगात अवतरायचा. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आज परदेशातले संग्राहक नेमके हे भारतीय रंग शोधत असतात. माझ्या मोठ्या मावसभावाकडून माझ्याकडे आलेल्या सात फिगर्स आहेत, सगळ्या फनस्कूलच्या. पाकीट एकाचंही नाही. तिघांच्या ओ-रिंग मी नळाचं सामान मिळतं त्या दुकानातून आणून बदलल्या आहेत (‘वॉशर कशाला हवाय?’ ‘माणसाच्या कंबरेला.’ दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होता).

मग ती फिगर अस्सल राहिली का? संग्राहकांत यावर भांडणं होतात. मला विचाराल तर आजीच्या पैठणीला नवा फॉल लावला म्हणून ती आजीची राहत नाही असं कुणी म्हणत नाही. रबर खराब होणारच होतं. ते बदलता यावं म्हणून तर पाठीवर स्क्रू दिलाय. फक्त बदललंय हे लिहून ठेवावं. आम्ही कोडमध्ये कॉमेंट टाकतो तसं. कधी, काय, कुठला भाग.

मात्र पिवळेपणा घालवण्याच्या बाबतीत मी सावध आहे. २००८ च्या सुमारास जुन्या कॉम्प्युटरच्या शौकिनांनी हायड्रोजन पेरॉक्साईड आणि अतिनील प्रकाश वापरून पिवळं प्लॅस्टिक पांढरं करायची पद्धत काढली. रेट्रोब्राईट म्हणतात तिला. परिणाम जादूसारखा दिसतो, पण पिवळेपणा परत येऊ शकतो. आणि ओ-रिंगसारखं हे मागे घेता येत नाही. ज्याला ‘अनडू’ नाही ते प्रॉडक्शनवर करू नये, एवढं तरी आपल्या धंद्याने शिकवलंय.

बाकी उपाय अगदी घरगुती आहेत. अंधार, गारवा आणि कोरडेपणा. रासायनिक क्रियांचा वेग साधारण दर दहा अंशांना दुप्पट होतो असा एक ढोबळ नियम आहे. म्हणजे आपल्याकडे स्लॅबखालचा माळा, जिथे आपण सगळ्या आठवणी कोंबतो, तीच सगळ्यात वाईट जागा. खालच्या खोलीतलं आतल्या भिंतीकडचं कपाट बरं. पुठ्ठ्याला कसर लागते, पण म्हणून डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वेळेवर बदला. चिकट झालेली फिगर कोमट साबणाच्या पाण्याने हलकेच धुवा, पूर्ण वाळवा. रबरबँडने काहीही बांधू नका. हातातली शस्त्रं काढून वेगळी ठेवा. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, सगळ्यांना बाहेर काढून नीट बघा.

खरं सांगायचं तर यातलं काहीच कायमचं नाही. आपण फक्त वेग कमी करतो. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला खेळण्यांचं राष्ट्रीय ‘हॉल ऑफ फेम’ आहे. जी.आय. जो तिथे २००४ मध्ये गेला, स्टार वॉर्सच्या फिगर्स २०१२ मध्ये. तिकडे त्यांना बघणारं कुणीतरी पगारी आहे. गोव्यात बनलेल्या त्या भलत्याच रंगाच्या सैनिकांना मात्र कुठलं संग्रहालय शोधत येईल असं मला वाटत नाही. त्यांचं संग्रहालय म्हणजे आपल्या आईचं लोखंडी कपाट. एका पिढीने टीव्हीवरच्या जाहिराती बघून, हट्ट करून, वाढदिवसाला एकेक करून जमवलेली ही माणसं आहेत. त्यांचे रंग कसे होते, कुठला भाग कुठल्या साच्यातला होता, हा आपल्याकडच्या कारखानदारीचा आणि बालपणाचा पुरावा आहे, आणि आजच्या घडीला तो घाम गाळतोय.

तेव्हा येत्या रविवारी माळ्यावर चढा. डबा खाली आणा. फोटो काढा, कुणाचं होतं आणि कधी घेतलं ते लिहा. विकायचं म्हणून नाही हो. आणि घरात एखादं पोर असेल तर एक सैनिक त्याच्या हातात द्या. ओ-रिंग तुटली तर आठ-दहा रुपयांत नवी मिळते.

असो. बराच लांबला आजचा लेख. भेटूच पुढच्या शनिवारी.