घाटाआधीचा थांबा : पनवेलची चाके आणि इंजिनाचा ऑइल फिल्टर

१/ मंडळी, आजच्या धाग्याचा विषय आहे ऑइल फिल्टर. इतिहासाच्या धाग्यात मुठीएवढ्या पत्र्याच्या डबीचे काय काम, असे कोणी विचारील. पण वाहनाची देखभाल कोणी करायची, हा प्रश्न पनवेलला जवळजवळ दोनशे वर्षे जुना आहे. देखभालीतून उरलेल्या घाणीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र नवा आहे. या डबीत दोन्ही प्रश्न एकत्र येतात.

२/ सन १८३०. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. मुंबईहून पुण्याकडे जाणारा माणूस आणि माल होडीने पनवेल बंदरात उतरे आणि तेथून रस्त्याने घाटाकडे निघे. १८५२ मध्ये येथे नगरपालिका आली. १८६३ मध्ये बोरघाटाच्या चढावरून रेल्वे धावू लागली, तरी बैलगाड्यांची वाहतूक लगेच थांबली नाही.

३/ घाट म्हणजे चाकांची परीक्षा. विसाव्या शतकाच्या आरंभीचे इंपीरियल गॅझेटियर पनवेलचा प्रमुख उद्योग म्हणून गाडीची चाके बनवण्याचा उल्लेख करते. घाटावरून आलेला गाडीवान परतताना येथून चाकांची जोडी घेऊन जाई. चाक सुताराचे, पण आसाला ओंगण घालणे हे गाडीवानाचे स्वतःचे काम. ओंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगलेले असे. जो हाकतो तोच राखतो, असा तो साधा नियम होता.

४/ मोटार आली आणि वंगण दिसेनासे झाले. आसाला ते बाहेरून लावता येई. इंजिनात मात्र तेच तेल आतल्या आत फिरत राहते. फिरताना ते काजळी, धूळ आणि धातूचा बारीक कीस गोळा करते. सुरुवातीच्या मोटारींत फार तर एखादी तारेची जाळी असे. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी मोटारीसाठी तेल गाळणारे उपकरण आणले. त्याचे नाव ‘प्युरोलेटर’. ‘पुढे शुद्ध तेल’ अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांचा तो जोड आहे.

५/ या पहिल्या फिल्टरांतून एका वेळी तेलाचा काही भागच जाई. सगळे तेल गाळून मगच बेअरिंगांकडे पाठवण्याची पद्धत पुढे रुळली, आणि कापडी गाळणीची जागा घड्या घातलेल्या, राळेत भिजवलेल्या कागदाने घेतली. तरीही फिल्टर बदलायचा म्हणजे बोल्ट सोडवून वाटी उतरवायची, ती धुवायची आणि आतला भाग नवा घालायचा. १९५० च्या दशकात पत्र्याची बंद डबी आली, आट्यांवर फिरवून बसवायची आणि काम संपले की टाकून द्यायची. येथे इतिहासाने एक वळण घेतले : धुण्याची वस्तू फेकण्याची झाली.

६/ मराठी मध्यमवर्गीय घरांत हा फिल्टर उशिरा पोहोचला, आणि त्याचे कारण पुण्याजवळच्या आकुर्डीत सापडते. १९७२ पासून बाजारात आलेली बजाज चेतक दोन-स्ट्रोक होती. तिच्यात तेल पेट्रोलमध्ये मिसळून जळून जाई. इंजिनात फिरणारे तेलच नाही, तर फिल्टर कशाला? १९८५ मध्ये चार-स्ट्रोक हिरो होंडा सीडी १०० आली. तिच्यातही कागदी फिल्टर नाही. तारेची जाळी आणि फिरत्या भांड्यात कचरा कडेला फेकणारी रचना, एवढ्यावरच ती चाले. दोन्ही साफ करायच्या, विकत आणायचे काहीच नाही.

७/ डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्या इंजिनावर ती फिरवून बसवायची डबी होती. पण गाडीबरोबर सर्व्हिस सेंटरची सवयही आली. म्हणजे ज्या पिढीकडे फिल्टर आला, तिच्या हातात तो कधी पडलाच नाही. गाडीवानाचा तो जुना नियम येथे तुटला. आज घरच्या घरी तेल बदलू पाहणारी तरुण मंडळी, कळत नकळत, तो पुन्हा जोडू पाहत आहेत.

८/ मग फिल्टर निवडायचा कसा? आकार पाहून नव्हे. अनेक जपानी धाटणीच्या इंजिनांवर २० मिमी व्यासाचे आणि १.५ मिमी अंतराचे आटे असतात. काहींवर पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांचे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण पाऊण इंची खुंटीवर २० मिमीचा फिल्टर चढवला, तर तो बसल्यासारखा वाटतो आणि दाब येताच निसटू शकतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेतला क्रमांक हाच आधार.

९/ दुसरी बाब डबीच्या आतली. एक रबरी पडदा इंजिन बंद झाल्यावर तेल मागे ओघळू देत नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर तो हवाच. दुसरी आहे बगलेची झडप. कागद तुंबला की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाऊ देते, कारण इंजिनाला कोरडे ठेवण्यापेक्षा मळके तेल बरे. यातला धोका ओळखा : तुंबलेला फिल्टर इंजिन थांबवत नाही, तक्रारही करत नाही. खोपोलीपुढच्या चढावर इंजिन जोरात फिरते, तेलाचा ओघ वाढतो, आणि नेमक्या त्याच वेळी गाळणे बंद पडलेले असू शकते.

१०/ काढताना इंजिन कोमट असावे, कढत नव्हे. गाडी जॅकवर उचलली असेल तर पक्के स्टँड लावल्याखेरीज खाली शिरू नये. आधी तेल सोडावे, मग फिल्टर डावीकडे फिरवावा. हाताने हलला नाही, तर टोपीसारखा बसणारा किंवा पट्ट्याचा पाना घ्यावा. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. पण पत्रा फाटला आणि बूड तसेच राहिले, तर पकडायलाही काही उरत नाही. तो अगदी शेवटचा उपाय.

११/ फिल्टर उतरला की पहिली नजर त्याच्या रबरी कड्यावर. ते इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवे चढले, तर इंजिन सुरू होताच तेलाची धार लागते. नव्या कड्याला बोटाने ताजे तेल लावावे. कडे टेकले की हातानेच साधारण पाऊण फेरा, किंवा डबीवर लिहिले असेल तितकेच. पाना लावून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी सूड घेतो. नंतर तेल भरावे, इंजिन थोडा वेळ चालवावे, गळती आणि पट्टीवरची पातळी पाहावी.

१२/ आता उरलेली घाण. गाडीवानाचे ओंगण आसावरच झिजून संपे; आपल्या हाती काही लिटर काळे तेल आणि तेल प्यालेली डबी उरते. डबी तोंड खाली करून रात्रभर निथळू द्यावी, तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरावे आणि वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे देणाऱ्या गॅरेजात पोहोचवावे. २०१६ च्या नियमांत वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी वंगणतेलाच्या उत्पादकांवरही टाकली आहे. पण नियमाची साखळी सुरू होते ती आपल्या कॅनपासून. गटारात ओतलेले तेल गाढी नदीत, आणि तेथून पनवेलच्या खाडीत जाते. ज्या खाडीने या गावाला बंदर दिले, तीच ही.

१३/ पनवेल हे घाटाआधीचे गाव. वाहन येथे थांबायचे, नीट व्हायचे आणि मग चढायचे. आज द्रुतगती मार्ग कळंबोलीहून सुरू होतो आणि थांबण्याची गरज कोणाला वाटत नाही. तरी जो हाकतो तोच राखतो, हा नियम मोडीत काढण्याजोगा नाही. त्याला आता दुसरा अर्धा जोडावा लागेल : जो राखतो, त्यानेच उरलेलेही सांभाळावे.

तुमच्या घरी ओंगणाचे नळकांडे, चेतकच्या तेलाचे माप किंवा जुन्या गाडीची वाटी जपलेली असेल, तर छायाचित्रासह खाली जरूर लिहा.