एकाच सालची दोन अपत्ये

मूल न होणे हा आजार की नशीब, या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी केव्हाच दिले. विमा कंपन्यांनी मात्र ते फार काळ टाळले. या दृष्टीने १९८६ हे साल विलक्षण म्हटले पाहिजे. त्या वर्षी ६ ऑगस्टला मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून एक टेस्ट ट्यूब मुलगी जन्मली. शास्त्रीय नोंदींनिशी सिद्ध झालेले भारतातले ते पहिले बाळ. त्याच वर्षी सरकारी मालकीच्या चार विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणला. एक उपचार, दुसरी उपचाराचे पैसे देणारी सोय. जन्म एका सालचा, पण दोघांची गाठ काही पडली नाही.

‘पहिले’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो. कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच हे साधले होते. इंग्लंडातल्या लुईस ब्राऊनच्या जन्माला तेव्हा अवघे सत्तर दिवस झाले होते. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला आणि १९८१ साली त्यांनी जीवन संपवले. पुढे त्यांचे कागद तपासून त्यांना मान मिळवून दिला तो मुंबईच्या प्रयोगातलेच शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनी. पहिलेपणाचा मान असा आपल्या हाताने दुसऱ्याला देणारे विद्वान विरळाच.

आपल्या तलमडुगूकडे तोवर तीनच वाटा होत्या : नवस, दत्तक आणि सवत. मुंबई प्रांतात दुसऱ्या लग्नाला १९४६ साली बंदी झाली, पण आपण निजामाच्या राज्यात; तो कायदा पैनगंगेअलीकडे लागू नव्हता. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला तेव्हा आपल्याकडे ती वाट कागदोपत्री बंद झाली. दोष पुरुषातही असू शकतो, हे मात्र कोणत्याही कायद्याने गावाला शिकवले नाही.

के. ई. एम. हे महापालिकेचे, म्हणजे गोरगरिबांचे रुग्णालय. उपचार तिथे जन्मला आणि वाढला खाजगी दवाखान्यांत. आज नागपूर-हैदराबादला एका खेपेला दीड-दोन लाख सहज लागतात, आणि पहिल्याच खेपेला यश येईल याची हमी कोणी देत नाही. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे एक खेप पंचवीस क्विंटलांची. कोरडवाहू रानात तीन-चार एकरांची सारी वेचणी.

विद्यार्थ्यांचे पालक इंग्रजी कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. मागच्या वर्षी गावातले एक जोडपे तीन कंपन्यांची माहितीपत्रके घेऊन आले. ‘सर, यातली कोणती पॉलिसी काढू?’ एजंटाने त्यांना ‘सगळे मिळते’ असे सांगितले होते. मी तिन्ही कागदांचा शेवटचा भाग आधी उघडला. जुन्या मेडिक्लेममध्ये जे मिळणार नाही त्याच्या यादीत वंध्यत्व हे गुप्तरोग आणि स्वतःला करून घेतलेली इजा यांच्या पंगतीला बसवलेले होते! विमा नियामकाने २०१९ साली अशा याद्या सर्वांसाठी एकसारख्या केल्या. शब्द सभ्य झाले, वगळणूक तशीच राहिली. सतराव्या कलमात कृत्रिम गर्भधारणेच्या साऱ्या पद्धती नावानिशी आहेत. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन हे कलम शिथिल करतात. तेव्हा हप्ता किती हे शेवटी पाहावे. आधी पाहावे की थांबायचा काळ किती वर्षांचा, रकमेची मर्यादा किती, दवाखान्यात चोवीस तास राहण्याची अट आहे का. इंजेक्शने तर घेऊन घरी यायची असतात. त्या तिघांपैकी एकातच सोय होती, तीही तीन वर्षांनी. बाईंचे वय छत्तीस. वय वाढते तसे यश घटते, हा हिशोब कोणत्याच माहितीपत्रकात नव्हता.

केंद्र सरकारी नोकरांना २०११ पासून एका खेपेला ६५,००० रुपयांपर्यंत, जास्तीत जास्त तीन खेपा, असा परतावा मंजूर आहे. सरकारने हा उपचार मानला नाही असे म्हणता येत नाही. कोणाचा मानला, एवढाच प्रश्न. आपल्याकडची आरोग्यश्री २००७ ची, पलीकडची जीवनदायी २०१२ ची. दोन्ही योजना हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा मोठ्या आजारांसाठी उभ्या राहिल्या, आणि त्यांनी घरे वाचवली हे नाकारू नये. २०२१ च्या कायद्याची गंमत पाहा : बीजदान करणाऱ्या स्त्रीचा विमा उतरवण्याची सक्ती त्याने उपचार घेणाऱ्या जोडप्यावर केली. हप्ता भरणाऱ्या जोडप्याच्या विम्याबद्दल तिथे अवाक्षर नाही.

२०२३ साली गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हा उपचार विनामूल्य सुरू झाला, आणि त्याच वर्षी सिकंदराबादच्या गांधी रुग्णालयातही सरकारी केंद्राचे उद्घाटन झाले. त्या जोडप्याने एकही पॉलिसी काढली नाही. गांधी रुग्णालयासाठी तेलुगूतला अर्ज मी लिहून दिला. कापूस विकून झाल्यावर दोघे आदिलाबादहून रात्रीच्या गाडीने गेले.