मधल्या कार्डाची बखर

आमच्या घरात कार्ड या वस्तूला तोटा नाही. रेशन कार्ड आहे, पॅन कार्ड आहे, आधार कार्ड तर माणशी दोन-दोन झेरॉक्ससह आहे. त्यामुळे २०२१ च्या पावसाळ्यात आमचे चिरंजीव "बाबा, मला कार्ड पाहिजे" असे म्हणाले, तेव्हा मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो, "कपाटात, डाव्या खणात, निळी फाइल."

"ते नाही हो. ग्राफिक्स कार्ड. गेम खेळायला."

"केवढ्याला?"

"सध्या पंचेचाळीस हजारांच्या पुढे."

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. एवढ्या रकमेत आमच्या लग्नाचे जेवण झाले होते, जिलबीसकट.

त्याच संध्याकाळी बीजगणिताच्या ऑनलाइन वर्गाच्या वेळी चिरंजीव जुन्या संगणकावर गेम खेळताना सापडले. मी सरळ मेन स्विच बंद केला. अंधारात मी जे बोललो ते मी बँकेतल्या ग्राहकाशीही बोललो नसतो, आणि त्यांच्याशी मी काय काय बोलतो हे आमच्या शाखेला ठाऊक आहे. सौभाग्यवतींची मिक्सरमधली चटणी अर्धवट राहिली. मुलगा चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

पाचव्या दिवशी माझ्या टेबलावर एक शंभर पानी वही आली. आत रकाने, साली, किमती, बेरजा. घरात जमाखर्चाची वही पाहून ज्याला पाझर फुटत नाही तो बी.कॉम. नव्हे. मी चष्मा पुसला आणि वाचायला बसलो.

पहिल्या पानावर हे कार्ड करते काय, ते होते. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. गेम सुरळीत दिसायचा तर सेकंदाला ६० चित्रे हवीत. म्हणजे दर सेकंदाला १२,४४,१६,००० ठिपक्यांचा रंग ठरवायचा. आमच्या काउंटरवर दिवसाकाठी दोनशे पासबुके छापून दिली तर संध्याकाळी मनगटाला तेल चोळावे लागते. कार्डाबद्दल मला प्रथमच आदर वाटला.

पुढे इतिहास. १९९४ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीने १९९६ मध्ये व्हूडू नावाचे कार्ड आणले. त्याची मेमरी ४ मेगाबाइट. हल्ली सकाळी सकाळी येणारा सुप्रभाताचा एक व्हिडिओ तेवढा असतो. हे कार्ड फक्त खेळातली त्रिमितीय चित्रे काढी. रोजच्या साध्या कामासाठी संगणकात दुसरे कार्ड ठेवावे लागे. पाहुण्यांना चांदीचे ताट आणि घरच्यांना स्टीलचे, तसा प्रकार. पण चांदीच्या ताटावर संसार चालत नाही. २००० च्या डिसेंबरात कंपनीने आपली मुख्य मालमत्ता १९९३ साली जन्मलेल्या एनव्हिडियाला विकण्याचा करार केला. त्यानंतर मैदानात मुख्य दोघेच उरले: एनव्हिडिया आणि कॅनडाची एटीआय. एटीआयला पुढे २००६ मध्ये एएमडीने विकत घेतले.

आता मधले कार्ड येते कुठून? मला वाटत होते, कंपनीत श्रीमंतांसाठी एक भट्टी आणि आपल्यासाठी दुसरी असेल. तसे नेहमी नसते. बेकरीत अख्खी खारी बरणीत जाते आणि तुटकी वजनावर विकतात, चव तीच. इथेही पुष्कळदा मोठ्या चिपचा एखादा भाग सदोष निघाला की तो बंद करतात, नाव बदलतात आणि कमी किमतीला विकतात. कधी कधी तर चांगल्या चिपचेही काही भाग मुद्दाम बंद करतात, कारण बाजारात तुटक्या खारीला मागणी जास्त! २००२ मधले रेडिऑन ९५०० असेच होते. थोरल्या ९७०० चीच चिप, पण आठ पाइपलाइनींपैकी चार बंद. हुशार मंडळींनी सॉफ्टवेअरची कळ फिरवून त्या उघडल्या. ज्यांचे नशीब चांगले त्यांना फुकटात थोरले कार्ड मिळाले. ज्यांची चिप खरोखरच सदोष होती त्यांच्या पडद्यावर बुद्धिबळाचा पट उमटला.

मधल्या कार्डाचे सुवर्णयुग म्हणजे २००७ चा ऑक्टोबर. जीफोर्स ८८०० जीटी आले. गणिते करणारे १२८ पैकी ११२ गाभे चालू, किंमत दोनशे-अडीचशे डॉलर. आदल्या वर्षी ५९९ डॉलरला निघालेल्या थोरल्या भावाच्या ते खांद्याला खांदा लावून धावले. ज्यांनी ५९९ मोजले होते त्यांचे चेहरे मला बघायला आवडले असते. मध्यमवर्गीयाच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत.

पण कोण किती धावते हे मोजायचे कसे? हे प्रकरण वाचताना मला शाखेची आठवण झाली. आमच्याकडे ऑडिटर येणार म्हटले की पंखे पुसले जातात आणि फायली वर्णानुक्रमे उभ्या राहतात. २००१ साली एटीआयच्या रेडिऑन ८५०० ने हेच केले. क्वेक थ्री हा गेम तेव्हा सगळे परीक्षक वापरत. कार्डाचा ड्रायव्हर नाव बघे, आणि 'क्वेक' दिसले की चित्राची कलाकुसर थोडी कमी करून वेग वाढवी. कोणीतरी गेमच्या फाइलीत 'क्वेक'चे 'क्वॅक' केले, आणि वेग उतरला! ऑडिटर लुंगी नेसून आल्यावर शाखा नेहमीसारखी दिसावी, तसे झाले. ओरड झाल्यावर कंपनीने नवा ड्रायव्हर काढून चित्र सुधारले.

एनव्हिडियाचीही बखरीत नोंद आहे. २०१४ च्या सप्टेंबरात जीफोर्स ९७० निघाले, ३२९ डॉलरला. मेमरी ४ गिगाबाइट. जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले, की त्यातली साडेतीन नीट पळते आणि उरलेली अर्धी रखडते. आता साडेतीन हा आकडा आपल्याला नवा नाही. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. पण अमेरिकन माणसाला हे संस्कार नाहीत. तो कोर्टात गेला, आणि २०१६ च्या तडजोडीत तिथल्या ग्राहकांना कार्डामागे ३० डॉलर देण्याचे ठरले.

यापुढे वहीत लाल शाईने एकच शब्द लिहिला होता: 'सरासरी'. पूर्वी परीक्षक म्हणत, अमुक कार्ड सेकंदाला सरासरी ६० चित्रे काढते, म्हणजे उत्तम. पण समजा त्यातल्या ५९ चित्रांना मिळून ८०० मिलिसेकंद लागले आणि एकाच चित्राने २०० खाल्ले, तरी सरासरी ६० च! डोळ्यांना मात्र दणका बसतो. बसचेही तसेच. फलकावर 'दर दहा मिनिटांनी' असते. अर्ध्या तासाने तीन एकदम येतात. सरासरी दहा, पाय दुखतात तीसचे. २०११ मध्ये टेक रिपोर्टच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत शिरून एकेक चित्राचा वेळ मोजायची पद्धत लोकांपुढे मांडली. तेव्हापासून सरासरीशेजारी, सर्वांत रखडलेल्या एक टक्का चित्रांचा वेग छापायची चाल पुढे रूढ झाली. त्याला म्हणतात 'वन परसेंट लो'. वीस वर्षे मी लोकांची सरासरी शिल्लक बघतो आहे. महिनाअखेरीला त्यांच्या खात्यात काय उरते याचा विचार मला कधी शिवला नव्हता.

मग पंचेचाळीस हजार कशाचे? २०१६ च्या उन्हाळ्यात रेडिऑन ४८० आले १९९ डॉलरला, पाठोपाठ जीफोर्स १०६० आले २४९ ला. लोकांनी वर्षानुवर्षे ती वापरली. पण इथेरियम नावाच्या आभासी नाण्याच्या हिशेबवहीची पडताळणी याच कार्डांवर करता येई, आणि करणाऱ्याला बक्षीस म्हणून नाणी मिळत. म्हणजे आमचेच काम! आम्ही इतकी वर्षे लेजर टॅली करतो, कोणी नाणे दिले नाही. आधी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हे नाणेवाले खोक्याच्या खोकी उचलून घेऊन गेले. त्यात कोविडच्या काळातला चिपांचा तुटवडा. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ३०६० ला एनव्हिडियाने नाणेवाल्यांसाठी कुलूप लावले, आणि पुढच्याच महिन्यात एका ड्रायव्हरमधून चुकून स्वतःच किल्ली वाटली. ३२९ डॉलरचे कार्ड त्या किमतीला दिसेनासे झाले.

वहीच्या शेवटच्या पानावर कार्डांची यादी होती. वरची सात-आठ नावे काट मारून खोडली होती. मधल्या एका नावाला बरोबरची खूण, आणि पुढे पेन्सिलने लिहिले होते: 'हे बाबांना जमेल. घाई नाही.'

मी वही मिटली. बराच वेळ पुसूनही चष्मा स्वच्छ होईना.

घाई नाही म्हटल्यावर आम्ही दोघे मिळून थांबलो. रोज रात्री जेवणानंतर भाव बघायचे, जसे माझे वडील सोन्याचे बघत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने पडताळणीची पद्धत बदलली. कार्डांची गरजच संपली. उतरू लागलेले भाव आणखी उतरले. दिवाळीच्या ॲडव्हान्समधून आम्ही रेडिऑन ६६०० आणले, पंचवीस हजारांच्या आसपास. तेही मधलेच, आमच्यासारखे.

कार्ड बसले, गेम सुरू झाला, कोपऱ्यात आकडे नाचू लागले. मी म्हणालो, "सरासरी साठाच्या वर आहे की!"

"सरासरी नाही बाबा, वन परसेंट लो बघा."

सौभाग्यवती दारातूनच म्हणाल्या, "हेच मी इतकी वर्षं सांगतेय. यांची सरासरी छान आहे. पण त्या मेन स्विचच्या दिवशीसारखी एखादी संध्याकाळ येते ना, तीच लक्षात राहते."

मी जरा वेळाने म्हणालो, "त्या दिवशी माझं चुकलंच रे."

चिरंजीव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "जाऊ द्या हो बाबा. एखादी फ्रेम अडकते. पुढच्या नीट आल्या ना?"

एवढ्यात घरातली वीज गेली. या वेळी माझा हात स्विचच्या जवळपासही नव्हता. पण अंधारात दोघांचीही मान आधी माझ्याकडेच वळल्याचे मला स्पष्ट ऐकू आले.