मिक रॉन्सन: दुसऱ्यांच्या गाण्यांत राहिलेला माणूस

डेव्हिड बोवीचं 'लाइफ ऑन मार्स?' एकदा हेडफोन लावून ऐका. बोवीचा आवाज आणि पियानो बाजूला ठेवा, मागून व्हायोलिन आणि चेलो कसे येतात तेवढंच बघा. सुरुवातीला ते नसतातच. मग हळूहळू चढत जातात आणि ध्रुवपदाला पोचेपर्यंत सगळं गाणं उचलून धरतात. 1971च्या 'हंकी डोरी' अल्बममधल्या या गाण्यासाठी तंतुवाद्यांचं लेखन मिक रॉन्सनने केलं. त्यातला छोटासा गिटार सोलोही त्याचाच. बोवी जगाला माहीत आहे. रॉन्सनचं नाव मात्र रॉक ऐकणाऱ्या माझ्या मित्रांनाही पटकन आठवत नाही.

रॉन्सन इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या शहरातला, जन्म 1946चा. लहानपणी पियानो आणि व्हायोलिन शिकला, मग गिटारकडे वळला. लंडनला जाऊन नशीब आजमावलं, जमलं नाही, आणि परत येऊन तो नगरपालिकेच्या बागखात्यात माळी म्हणून लागला. 1970च्या सुरुवातीला एक जुना मित्र त्याला बोवीच्या बँडसाठी बोलवायला आला, तेव्हा तो खेळाच्या मैदानावर रेषा आखत होता.

पुढची तीन वर्षं तो बोवीचा उजवा हात होता. लेस पॉल गिटार, आणि वाह-वाह पेडल अर्ध्यावर दाबून तसाच ठेवायची सवय. त्यातून निघणारा तो नाकातला, टोकदार आवाज एकदा ओळखीचा झाला की लपत नाही. 1972 साली 'टॉप ऑफ द पॉप्स'वर 'स्टारमॅन' गाताना बोवीने ज्याच्या खांद्यावर हात टाकला, तो रॉन्सनच.

त्याच वर्षी बोवी आणि रॉन्सनने मिळून लू रीडचा 'ट्रान्सफॉर्मर' प्रोड्यूस केला. त्यातल्या 'परफेक्ट डे'चा पियानो रॉन्सनने वाजवला, तंतुवाद्यंही त्यानेच लिहिली. 1975 साली तो बॉब डिलनच्या 'रोलिंग थंडर' दौऱ्यात होता. 1982 साली जॉन मेलनकॅम्पने 'जॅक अँड डायन' हे गाणं जवळजवळ सोडून दिलं होतं. रॉन्सनने त्यात लहान मुलांचे खुळखुळे आणि मधला समूहस्वर सुचवला. ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ही गोष्ट मेलनकॅम्पनेच पुढे मोकळेपणाने सांगितली.

मला टोचतं ते इथे. गाण्याची मालकी शब्द आणि चाल लिहिणाऱ्याची असते. त्या गाण्याला साज चढवणाऱ्याला सहसा ठरलेली बिदागी मिळते आणि विषय संपतो. गाणं पन्नास वर्षं वाजलं तरी रॉयल्टी त्याच्याकडे वळत नाही. पण 'लाइफ ऑन मार्स?'मधून ती तंतुवाद्यं काढून बघा. चाल तीच राहील, अंगावर येणारा काटा राहील का?

स्वतः स्टार व्हायची संधीही त्याला मिळाली. 1974 आणि 1975 साली त्याचे दोन सोलो अल्बम आले, जाहिरात जोरात झाली, पण मंचाच्या मधोमध उभं राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पुढे तो पुन्हा इतरांच्या गाण्यांकडेच वळला. विशेषतः इयन हंटरबरोबर त्याने अनेक वर्षं काम केलं. लोक याला अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. दुसऱ्याच्या गाण्यात काय कमी आहे हे ऐकू येणं आणि ते देऊन बाजूला होणं, हे त्याचं कौशल्य होतं. त्याची किंमत कमी लावली गेली, हा दोष त्याचा नव्हे.

1991 साली त्याला यकृताचा कर्करोग असल्याचं निदान झालं. तरी 1992 साली त्याने मॉरिसीचा 'युअर आर्सेनल' प्रोड्यूस केला. त्याच वर्षी 20 एप्रिलला वेम्ब्लीवर फ्रेडी मर्क्युरीच्या, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फारुख बलसाराच्या, स्मृतिमैफलीत तो बोवी आणि हंटरसोबत उभा राहिला. 'हीरोज'मध्ये त्याने गिटार वाजवली. वर्षभराने, 29 एप्रिल 1993 रोजी, तो गेला. वय 46.

वेम्ब्लीचं चित्रण आजही बघायला मिळतं. बघाल तेव्हा कॅमेरा बोवीवर असला तरी कान गिटारकडे ठेवा.