लाकडी जिना का करकरतो? आवाज फोनने शोधा, पण पायरीची कड आधी बघा

लाकडी जमीन किंवा जिना करकरतो तो फळी खिळ्यावर किंवा शेजारच्या फळीवर घासल्यामुळे. लाकूड पावसाळ्यात ओलावा शोषून फुगतं, कोरड्या दिवसांत आकसतं. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की खिळ्याचं भोक सैल होतं. मग पाय पडला की फळी खाली दबते, उचलला की वर येते, आणि तेवढ्यात ती ओरडते.

नुसता आवाज म्हणजे धोका नाही. पण फळी स्पंजासारखी दबत असेल, खाली पिवळसर भुकटी पडत असेल किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज आत जात असेल, तर वाळवी किंवा भुंगा लागलेला असू शकतो. तिथे यूट्यूब बंद करा आणि सुताराला बोलवा.

करकर नेमकी कुठली हे कानाने कळत नाही, लाकडातून आवाज लांब जातो. एकाला पायरीवर उभं करा, वजन या पायावरून त्या पायावर टाकायला सांगा आणि सांध्याजवळ फोन धरून स्लो मोशन व्हिडिओ काढा. कुठली फळी हलते ते दिसतं.

खालून कड्या दिसत असतील तर पुढचं काम सोपं. खाली प्लायवूड मारलं असेल किंवा रंगाखाली खिळे बुजले असतील तर फोनमधला मॅग्नेटोमीटर वापरा. होकायंत्र ज्या सेन्सरवर चालतं तोच हा. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप त्याचे आकडे दाखवतं. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण 40 मायक्रोटेस्ला असतं. फोन फळीवरून हळू सरकवताना आकडा अचानक उडाला की खाली लोखंडी खिळा आहे. (मॅग्नेटवालं कव्हर आधी काढा. पितळी खिळे यात सापडत नाहीत.) असे खिळे एका ओळीत सापडले की त्याखाली कडी आहे. स्क्रू त्याच ओळीत मारायचा, आणि आधी बारीक भोक पाडून, नाहीतर फळी चिरते. खालून हात पोचत असेल तर फटीत गोंद लावलेली पातळ पाचर सरकवा. जोरात ठोकलीत तर फळीच वर उचलली जाईल. फटीत टाल्कम पावडर टाकली तरी आवाज थांबतो, पण काही दिवसच.

आता खरं महत्त्वाचं. आमच्या कोकणातल्या घरी आजी माडीवर रोज चढ-उतार करते. तिला करकरीचा काही त्रास नाही, पण वापरून गुळगुळीत आणि गोल झालेली पायरीची कड मला घाबरवते. उतरताना पाय तिथेच टेकतो, आणि सगळं लाकूड एकाच रंगाचं असलं की वरून बघताना पायरी कुठे संपते तेच कळत नाही. म्हणून प्रत्येक कडेवर लाकडापेक्षा ठळक वेगळ्या रंगाची, साधारण 5 सेंटिमीटर रुंदीची खरखरीत अँटी-स्किड पट्टी लावा. एकही पायरी सोडू नका. तेल किंवा मेण लावलेल्या लाकडावर टेप टिकत नाही. तिथे स्क्रूने बसणारी ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, फक्त स्क्रूचं डोकं वर राहता कामा नये.

पायऱ्यांची उंचीही मोजा. अमेरिकेतल्या घरांच्या नियमावलीत एका जिन्याच्या पायऱ्यांत जेमतेम 9.5 मिलिमीटर फरक चालतो, कारण पाय पहिल्या दोन पायऱ्यांवरून पुढची उंची गृहीत धरतो. इथे फोनचं मेजरमेंट ॲप नको, साधा टेप घ्या.

वर आणि खाली मोशन सेन्सरचा दिवा लावा. वीज जात असेल तर चार्जिंगवाला बरा. चार्ज करायचा रिमाइंडर मी माझ्या फोनमध्ये लावलाय, आजीच्या नाही.